आधी उघडून बघू

नेदरलँड्समध्ये राहायला आल्यापासून मला एक सवय लागली आहे आणि ती मला मनापासून आवडते. बंद पडलेली वस्तू टाकून देण्याआधी मी ती उघडून बघते.

ही सवय लावली रिपेअर कॅफेनं, म्हणजे लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि एकत्र बसून दुरुस्त करतात अशा बैठकीनं. मार्टिने पोस्तमा या पत्रकार बाईंनी १८ ऑक्टोबर २००९ रोजी ॲमस्टरडॅममध्ये पहिला रिपेअर कॅफे भरवला. आता जगभरात असे दोन हजारांहून जास्त आहेत. उत्रेख्तमध्ये आमच्या भागातला महिन्यातून एका शनिवारी भरतो. हॉलमध्ये टेबलं, प्रत्येकावर एक्स्टेन्शन बोर्ड, एका बाजूला शिलाई मशीन. दुरुस्ती करणारे सगळे स्वयंसेवक. सुटा भाग लागला तर त्याचे पैसे आपले, बाकी डब्यात मनाला येईल तेवढे टाकायचे.

पण वस्तू ठेवून निघून जायचं नाही, शेजारी बसायचं. मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट. आपल्याकडे मिक्सर दुकानात टाकला की 'परवा या' म्हणतात आणि परवा तो चालू होऊन मिळतो. आत काय बिघडलं होतं ते आपण विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. इथे मजुरी इतकी महाग की छोट्या वस्तूंसाठी ती सोयही फारशी उरलेली नाही. नवीन घ्या, असंच सांगतात.

मी पहिल्यांदा नेलं ते आमचं कॉफीचं यंत्र. दिवा लागायचा, पाणी तापायचं नाही. टेबलापलीकडे एक निवृत्त इलेक्ट्रिशियन आजोबा होते. तळाच्या स्क्रूंना सहा टोकांची चांदणी आणि मधोमध एक बारीक खुंटी होती, म्हणजे घरातला कुठलाच पेचकस चालणार नाही. त्यांनी योग्य टोक शोधून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "उघड." मग वीज मोजायचं यंत्र, मल्टिमीटर, 'बीप'वर लावून दिलं. दोन टोकांमधली जोडणी अखंड असली की ते वाजतं. हीटरच्या दोन टोकांना लावलं, वाजलं. तारेवरच्या कापडी नळीत दडलेल्या एका छोट्याशा भागाला लावलं, आवाज नाही.

तो थर्मल फ्यूज. ठरावीक तापमानाच्या वर गेलं की त्याच्या आतली जोडणी कायमची तुटते. पाणी नसताना यंत्र तापत राहून आग लागू नये म्हणून. मी म्हटलं, बदलून टाकू. आजोबा म्हणाले, "तो उडाला का, ते आधी शोध." तापमान बघून हीटर चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटचे संपर्क आत चिकटले होते, त्यामुळे हीटर बंदच होत नव्हता. नुसता फ्यूज बदलला असता तर तो पुन्हा उडाला असता. दोन्ही भाग मागवले आणि पुढच्या खेपेला बसवले. नवा फ्यूज सोल्डर करायचा, म्हणजे वितळलेल्या धातूनं जोडायचा नसतो, कारण सोल्डरच्या उष्णतेनंही तो उडू शकतो. तारांची टोकं धातूच्या बारीक नळीत घालून पक्कडीनं दाबायची. हे मी माझ्या हातांनी केलं.

माझं काम सॉफ्टवेअरचं. ज्या पायथॉनवर माझं पोट चालतं ती प्रोग्रॅमिंगची भाषा खिदो फान रोसम यांनी इथल्याच ॲमस्टरडॅममधल्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत असताना सुरू केली. १९८९च्या नाताळच्या सुट्टीत हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून! हे वाचल्यापासून शनिवारची दुपार 'कामाच्या' गोष्टीत घातली नाही याची बोचणी मला लागत नाही. चाळिशीनंतर कोणाच्या तरी शेजारी बसून काहीतरी शिकायला मिळणं हेच मोठं सुख आहे.

विंडोज १०साठीचा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आमचा जुना लॅपटॉप विंडोज ११च्या अटींत बसत नव्हता. हार्ड डिस्क काढून तिच्याहून वेगवान एसएसडी घातली, पंख्यातली धूळ साफ केली, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवली. लेक त्याच्यावर शाळेचा सगळा अभ्यास करते.

सगळंच उघडायचं नसतं, हेही तिथेच शिकले. मायक्रोवेव्हला मी हात लावत नाही. प्लग काढल्यावरही त्याचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, जीवघेणा झटका देऊ शकतो. फुगलेली लिथियम बॅटरी तर सरळ संकलन केंद्रात नेऊन द्यायची.

युरोपीय संघानं २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि सदस्य देशांना तो लागू करायला ३१ जुलै २०२६पर्यंतची मुदत दिली. वॉशिंग मशीन, फ्रिज, फोन अशा ठरावीक वस्तू वॉरंटी संपल्यावरही वाजवी दरात दुरुस्त करून देणं त्यानं उत्पादकांवर बंधनकारक केलं. कायदा हवाच होता. पण लोकांनी दुकानात प्रश्न विचारायला लागणंही तितकंच गरजेचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

मी तरी विचारते. परवा व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला गेलो तेव्हा विक्रेत्याला विचारलं, बॅटरी घरी काढता येते का, फिल्टर आणि ब्रश सुटे मिळतात का, आत स्क्रू आहेत की सगळं चिकटवलेलं आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याला ठाऊक नव्हतं, मग आम्ही दोघांनी मिळून तो काउंटरवर उलटा करून बघितला. जो घेतला तो दिसायला ओबडधोबड आहे आणि थोडा जडही, पण खटका दाबला की बॅटरी हातात येते.