खांदेरीचा दिवा आणि शेजारची उंदेरी

अलिबागजवळच्या समुद्रातल्या खांदेरी किल्ल्यावर जायचं कधीपासून डोक्यात होतं, 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत महाराजांचे 12 किल्ले गेले त्यात हाही आहे म्हटल्यावर मग राहवेना. थंडीत एका रविवारी किनाऱ्यावरचं थळ गाव गाठलं, होडीवाल्या दादांशी भाव ठरवला आणि निघालो. "साहेब, बाराच्या आत फिरायचं हां, नंतर वारा उठतो," हे त्यांनी चारदा तरी ऐकवलं असेल.

लांबून आधी दिसतो तो किल्ला नाही, पांढरा दीपस्तंभ, तोही इंग्रजांनी बांधलेला. खरं सांगतो, मला जरा रागच आला. 1679 मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींनी इथं तट उभारायला घेतला तेव्हा इंग्रज आरमार घेऊन आडवे आले, झटापटीत त्यांची डव्ह नावाची गुराब, म्हणजे लढाऊ जहाजच, मराठ्यांनी पकडली, आणि 1680 च्या जानेवारीत ते गुमान परत गेले. 1718 ला मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्र्यांच्या काळात पुन्हा आले, पुन्हा हात हलवत गेले. शेवटी 1818 ला बेट मिळालं आणि 1867 मध्ये त्यांनी वर हा अष्टकोनी दिवा बांधला. कारण सरळ होतं, मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजांना या खडकांची भीती, आणि दोनच वर्षांनी सुएझ कालवा सुरू झाला म्हणजे वर्दळ किती वाढली असेल बघा. आता त्याला कान्होजी आंग्रे दीपस्तंभ म्हणतात. ज्यांना हे बेट कान्होजींकडून घेता आलं नाही त्यांच्याच दिव्याला कान्होजींचं नाव, मला तर हे भारीच वाटलं!

धक्क्यावर उतरून वेताळाच्या देवळात गेलो, तिथली पांढरी रंगवलेली शिळा म्हणजे कोळी लोकांचा देव, दादांनी चप्पल काढून नारळ ठेवला तेवढा वेळ आम्हीही गप्प. मग तो दगड, दुसऱ्या दगडानं ठोकला की पत्र्यासारखा टणटण वाजतो, पोरांनी वाजवून वाजवून डोकं उठवलं. आणि बुरुजावर चाकाच्या लोखंडी गाड्यांवर बसलेल्या तोफा, अजून गाड्यांसकट जागेवर!

त्या तोफा बघताना राग उतरला. दिव्यामुळे इथं दीडशे वर्षांहून जास्त काळ माणसांचा राबता राहिला, वाट राहिली, धक्का राहिला, नाहीतर भंगारवाल्यांनी तोफा कधीच उचलल्या असत्या असं माझं आपलं मत. तटाच्या फटीत मात्र झाडांची मुळं घुसलीत, ती काढायला हवीत, नुसता दीपस्तंभ रंगवून भागायचं नाही.

परत येताना दादांना म्हटलं, उंदेरीला पण उतरवा ना. जंजिऱ्याच्या सिद्दीनं 1680 मध्ये खांदेरीवर नजर ठेवायला बांधलेला तो किल्ला, किनाऱ्याला जास्त जवळ आहे, पण तिथं ना दिवा ना माणूस. तट झाडीत बुडालाय. दादांनी एक फेरी मारली, लाटा खडकावर फुटत होत्या, धक्काच नाही तर होडी लावणार कुठं. "आज नाय जमायचं," म्हणाले आणि थळकडे वळवली.