गोडोलीतली भिंत, उड्या मारणारा कोळी आणि एक मिलिमीटरचा फोकस

साताऱ्यात राहून कीटकांचे फोटो काढते म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "मग काय, कास आहेच की!" कास आहेच. पण मॅक्रो फोटोग्राफी, म्हणजे अगदी लहान जीव जवळून मोठे करून टिपणं, मी कासला शिकले नाही. ती शिकले गोडोलीत, आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर आणि भिंतीला लागून असलेल्या कढीपत्त्याच्या झाडावर. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हेच सांगते. या प्रकारात एकाच प्राण्याला पुन्हा पुन्हा भेटावं लागतं. पठारावर आज दिसलेला चतुर उद्या त्याच काडीवर असेल याची खात्री नाही. भिंतीवरचा कोळी मात्र उद्याही तिथेच भेटतो, परवाही भेटतो, आणि त्या भेटींमधूनच हात बसतो.

सुरुवात कमी खर्चात झाली. मामांकडे फिल्मच्या जमान्यातली ५० मिलिमीटरची लेन्स पडून होती. ती उलटी करून कॅमेऱ्यावर बसवता येते. त्यासाठी लागणारी रिव्हर्स रिंग काहीशे रुपयांत मिळते. उलटी लावलेली लेन्स अगदी जवळची वस्तू मोठी करून दाखवते. जुन्या लेन्सचा मोठा फायदा असा की तिच्यावर ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत येणारं छिद्र लहानमोठं करणारी, कडी असते, हाताने फिरवली की काम झालं. आताच्या, कॅमेऱ्याबरोबरच येणाऱ्या बऱ्याच किट लेन्सचं ॲपर्चर कॅमेराच चालवतो, त्यामुळे उलटी लावली की ते हातात राहत नाही. घरात कुणाकडे जुनी लेन्स असेल तर आधी तीच शोधा.

मॅक्रोवाले 'एकास एक' असं सारखं म्हणतात. म्हणजे १० मिलिमीटरचा कोळी सेन्सरवर १० मिलिमीटरचाच उमटतो. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३ मिलिमीटर रुंद, म्हणजे तेवढासा कोळी फ्रेमची जवळपास अर्धी रुंदी व्यापतो. पहिल्यांदा तसा फोटो बघितला तेव्हा मी बराच वेळ स्क्रीनसमोरून उठले नव्हते. पायावरचे केस सुटे दिसत होते. रोज झाडू मारताना जो ठिपका दिसायचा, त्याला चेहरा होता.

पण इथूनच अडचण सुरू होते. एवढ्या जवळून एफ ११ ला, म्हणजे ॲपर्चर बरंच बंद करूनसुद्धा, फोकसमध्ये येणारा थर एक मिलिमीटरभरच असतो. डोळे नीट आले तर पोट धूसर, पोट आलं तर डोळे गेले. ॲपर्चर आणखी बंद केलं तर थर वाढतो, पण एफ १६ च्या पुढे विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे, सगळंच चित्र मऊ पडायला लागतं. शिवाय एकास एकला एफ ११ हे प्रकाशाच्या हिशेबात एफ २२ इतकंच भरतं. म्हणजे भर दुपारीही अंधार. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवला की कण दिसतात, शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की हात हलतो. यातून बाहेर पडायचं तर प्रकाश आपणच न्यावा लागतो.

म्हणून फ्लॅश. आणि या सगळ्या प्रवासात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी वस्तू म्हणजे फ्लॅशपुढचा डिफ्यूझर, उजेड पसरवणारा पडदा. लेन्सवर किती खर्च केला यापेक्षा डिफ्यूझरवर किती संध्याकाळी घालवल्या, यावर फोटो ठरतो असं माझं ठाम मत आहे. उघड्या फ्लॅशने भुंगेऱ्याचा फोटो काढून बघा. पाठीवर एक पांढरा डाग येतो आणि खालचा सगळा रंग त्यात बुडतो. कीटकांचं कवच चकचकीत असतं, त्यात उजेडाचा उगम जसाच्या तसा उमटतो. उगम लहान असेल तर डाग बारीक आणि टोचणारा, मोठा असेल तर पसरट आणि सौम्य. इथे मोठा म्हणजे कीटकाच्या मानाने मोठा आणि त्याच्या जवळ. हातभर अंतरावरची मोठी छत्री चालत नाही. लेन्सच्या तोंडाशी, कीटकाच्या डोक्यावर वाकलेला तळहाताएवढा पांढरा पडदा चालतो.

माझा डिफ्यूझर घरातच तयार झाला. टीव्हीभोवती गुंडाळून येतो तो पातळ पांढरा फोम, आणि त्याच्या आत लग्नपत्रिकेत येतो तो अर्धपारदर्शक कागद. एकच थर लावला तर मधोमध प्रखर ठिपका उरतो. दोन थरांत बोटभर अंतर सोडलं की पहिल्या थरावर पसरलेला उजेड दुसऱ्यावर आणखी पसरतो आणि ठिपका विरतो. हे अंतर ठेवायला मी पुठ्ठ्याची चौकट केली. काळ्या कार्डशीटच्या नळकांड्याला आतून स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवली, म्हणजे फ्लॅशचा उजेड वाटेत न सांडता पडद्यापर्यंत जातो. पडदा चांगला झालाय की नाही, हे कोळ्याच्या डोळ्यात कळतं. त्याच्या डोळ्याच्या भिंगात पडद्याचं प्रतिबिंब दिसतं. कडा कापल्यासारख्या असतील तर अजून काम बाकी आहे.

आता तो कोळी. आमच्या भिंतीवरचा उड्या मारणारा कोळी म्हणजे प्लेक्सिपस पायकुली, बहुतेक घरांत असतोच. नर काळा, अंगावर पांढरे पट्टे. मादी तपकिरी, फिकट पट्ट्याची. हे कोळी शिकारीसाठी जाळं विणत नाहीत, बघून झडप घालतात. म्हणून त्यांची नजर फार तयार असते. आठ डोळे, समोरचे दोन मोठे, बाकीचे बाजूंची आणि मागची हालचाल टिपायला. मागून दबकत गेलं तरी त्याला कळतं. पण घाई केली नाही तर पळून जाण्याऐवजी तो वळतो आणि आपल्याकडे बघतो. ही त्याची सवय कळली त्या दिवसापासून माझे फोटो बदलले. पाठलाग बंद केला. थोड्या अंतरावर थांबायचं, तो वळला की हळूहळू पुढे सरकायचं, तो हलला की थांबायचं. तोंडात माशी असेल तेव्हा तर तो बराच वेळ जागचा हलत नाही, आणि समोरून चेहरा घ्यायची ती सर्वांत चांगली वेळ.

त्याच्या मोठ्या डोळ्यांबद्दल एक गोष्ट मला फोटोंनीच दाखवली, वाचलं नंतर. एकामागून एक काढलेल्या फोटोंत कोळी तसूभरही हललेला नसतो, तरी डोळ्याचा रंग वेगळा दिसतो, कधी काळाभोर, कधी फिकट. त्याची भिंगं कवचात पक्की बसवलेली असतात, ती फिरत नाहीत. आत लांबट नळ्या असतात, त्यांच्या टोकाला दृष्टिपटल, आणि स्नायू त्या नळ्या आतल्या आत हलवतात. नळी आपल्या दिशेला रोखलेली असली की डोळा काळा दिसतो. म्हणजे काळाभोर डोळा आला, तर त्या क्षणी तो थेट माझ्या लेन्सकडे बघत होता. एवढ्याशा प्राण्याने आपली दखल घेतली, याचा आनंद मला अजूनही तेवढाच होतो.

ऑटोफोकस मी वापरत नाही. फोकस एका जागी पक्का करायचा आणि कॅमेऱ्यासकट आपणच मागेपुढे व्हायचं. कोपर भिंतीला टेकवायचं, श्वास सोडून संपत आला की बटण दाबायचं. शटर १/१६० सेकंदावर असतं, पण चित्र थांबवतो तो फ्लॅश. कमी ताकदीवर त्याचा झोत शटरपेक्षा कितीतरी पट आखूड असतो, त्यामुळे हाताची थरथर फोटोत उतरत नाही. झाडावर असेन तर डाव्या हाताने डहाळी धरते आणि त्याच हातावर लेन्स टेकवते. मग डहाळी हलली तरी लेन्सही तिच्याबरोबर हलते.

सासूबाईंना हे सगळं आधी विचित्र वाटायचं. एका दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्या कुंच्यासमोर भिंतीच्या कोपऱ्यातली रेशमी पांढरी पिशवी आली. आत मादी अंडी राखत बसली होती. "आई, तेवढा कोपरा राहू द्या," म्हटलं. त्यांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तिचा फोटो बघितला, मोठा करून पुन्हा बघितला, आणि म्हणाल्या, "पिल्लं निघू दे, मग झाडते मी." आता कढीपत्ता तोडायला गेल्या की पानावर काय बसलंय ते आधी बघतात आणि मला हाक मारतात.

कढीपत्त्यानेही खूप दिलं. लाइम आणि कॉमन मॉर्मन ही फुलपाखरं त्यावर अंडी घालतात. लहान सुरवंट पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, पुढे कात टाकत हिरवागार होतो, आणि त्रास दिला तर डोक्यामागून एक दुहेरी रंगीत शिंग बाहेर काढून उग्र वास सोडतो. फोटोसाठी त्याला मुद्दाम डिवचू नये. शिकणाऱ्याला सुरवंटासारखा धीराचा विषय दुसरा नाही.

पुढे जुन्या बाजारातून ९० मिलिमीटरची खरी मॅक्रो लेन्स घेतली. काम सोपं झालं, अंतर थोडं जास्त मिळालं, बाकी उजेडाचं गणित तेच राहिलं. लहान कोळ्यांसाठी तिच्यापुढे रेनॉक्स डीसीआर-२५० हे आणखी मोठं दाखवणारं छोटं भिंग चिमटवते. फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या थरांवर फोकस केलेले फोटो जोडून एक करणं, मी फक्त झोपलेल्या किंवा अगदी स्थिर विषयावर करते.

झोपलेल्या म्हणजे मुख्यतः मधमाश्या. घर सोडून मी जिथे सर्वांत जास्त जाते ती जागा अजिंक्यताऱ्याचा उतार. पहाटे फिरायला येणारे डांबरी रस्त्याने वर जातात, मी कडेच्या गवताशी थांबते. दसऱ्यानंतर तिथल्या वाळत्या काड्यांवर निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या माश्या, अमेगिला, रात्र काढतात. माद्या जमिनीतल्या बिळात असतात; नरांना घर नसतं. संध्याकाळ झाली की ते काडी जबड्यात घट्ट धरतात आणि तसेच झोपतात, कधी एकाच काडीवर ओळीने. बऱ्याचदा दुसऱ्या संध्याकाळी त्याच काडीवर परततात. म्हणून मी आदल्या दिवशी सूर्य मावळताना काडी हेरून ठेवते आणि उजाडायच्या आत पोचते. तेव्हा वारा नसतो, अंगावर दव असतं, आणि गारठ्याने त्यांना उडता येत नाही. ऊन पोचलं की त्यांचे स्नायू गरम होतात, पोट थरथरवतात, पाय एकेक करून पुसतात, आणि गेल्या. या वेळी काडी हाताने धरायचीच झाली तर अगदी खाली, जमिनीजवळ.

इथे फ्लॅश एकटा चालत नाही, कारण मागचं सगळं काळं येतं आणि पहाटेचा फोटो रात्रीचा वाटतो. आयएसओ ४०० ते ८०० आणि शटर १/६० च्या आसपास घेतलं की मागच्या आभाळाचा रंग उतरतो आणि फ्लॅश फक्त माशीला उचलून धरतो. भिंतीजवळ, जिथे आभाळ नाही, तिथे मी विषयामागे एखादं हिरवं पान धरते, तेवढ्याने पार्श्वभूमी बदलते.

उतारावर आडवं होण्याआधी टॉर्चने जमीन बघा. आपल्याकडच्या दगडाळ माळावर फुरसं असतं आणि ते पटकन दिसत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, विजार मोज्यात खोचलेली, आणि घरी आल्यावर गोचीड आहे का ते तपासणं. गुरं चरतात तिथे गोचीड असतेच.

आता कास. पावसाळा संपता संपता मी तिथे जाते, पण मॅक्रोसाठी पठारावर आडवं व्हायचं नाही असं मी ठरवलं आहे. जांभ्या दगडावर मातीचा थर पातळ असतो, त्यावर जे उगवतं ते एका कोपराखाली चिरडतं. आखलेल्या वाटेवरून, उभ्याने किंवा उकिडवं बसून जे मिळेल ते. तरीही गवती दवबिंदूसाठी जावंच. ड्रोसेरा इंडिका ही कीटकभक्षी वनस्पती. तिच्या लालसर केसांच्या टोकांवर चिकट थेंब असतात आणि त्यात अडकलेली चिलटं मॅक्रो लेन्समधून स्पष्ट दिसतात. सीतेची आसवे हीसुद्धा कीटकभक्षी, पण तिचे सापळे ओल्या मातीत खाली असतात, वर फक्त निळंजांभळं फूल.

काही जण कीटक फ्रीजमध्ये ठेवून गारठवतात आणि मग फोटो काढतात. मला ते मान्य नाही. गारठलेल्या कीटकाचे पाय चुकीचे पडलेले असतात, मिशा लोंबतात, आणि ज्याने रोज कीटक पाहिले आहेत त्याला ते लगेच कळतं. आणि कळलं नसतं तरी मी ते केलं नसतं.

ओळख पटवणं हे शेवटचं आणि सर्वांत सावकाश चालणारं काम. फुलपाखरू फोटोवरून बहुतेकदा ओळखता येतं; अनेक कोळी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे जननअवयव बघितल्याशिवाय प्रजातीपर्यंत ओळखता येत नाहीत. फोटोवरून कुळापर्यंत पोचले तरी मी समाधानी असते. पण फोटो टाकायचे सोडत नाही, कारण उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या नव्या प्रजाती आपल्या महाराष्ट्रात आजही सापडत आहेत. २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यातून आलेल्या एका नव्या कोळ्याला संशोधकांनी आयसियस तुकारामी हे नाव दिलं, तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. २००८ च्या मुंबई हल्ल्यात दहशतवाद्याला जिवंत पकडून देताना हुतात्मा झालेले तुकाराम ओंबळे हे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे. ही बातमी वाचली तेव्हापासून भिंतीवरच्या प्रत्येक अनोळखी कोळ्याकडे मी जास्त काळजीने बघते. समोरून चेहरा मिळाला की थांबत नाही. वरून पूर्ण शरीर, बाजूने पाय आणि जमलंच तर खालून पोट, असे सगळे फोटो घेते, तारीख आणि जागा लिहून ठेवते, आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवते. ओळखणाऱ्याला सुंदर चेहऱ्यापेक्षा पाठीवरची नक्षी जास्त उपयोगी पडते.