मनगटावरचा पट्टा आणि साठ दिवस आधी ठरलेली सकाळ

दोन महिन्यांनी येणाऱ्या एका मंगळवारी सकाळी साडेदहाला आपण कुठल्या राइडमध्ये बसणार, हे आजच, टिळकवाडीतल्या घरी बसून ठरवायचं, असं लेकीनं फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी ते खरंच वाटेना. 2018 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं बेळगावहून तिच्याकडे न्यू जर्सीला जाणार होतो आणि तिथून सगळे मिळून ऑर्लँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मोठ्या मनोरंजन पार्कला. तेव्हा तिथं फास्टपास प्लस नावाची सोय होती. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना 60 दिवस आधी आणि बाकीच्यांना 30 दिवस आधी, रोजच्या तीन राइड्सची वेळ धरून ठेवता यायची. त्याचे वेगळे पैसे नव्हते. बुकिंग सुरू व्हायचं तिथल्या सकाळी सातला, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला.

तर चहा गॅसवर आणि मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला, असं आमचं बुकिंग झालं. लेक तिकडे लॅपटॉपवर भराभर बोटं चालवत होती. "आई, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन मिळतेय, साडेदहा ते साडेअकरा. घेऊ का? पटकन सांग!" त्या तासाभरात कधीही जायचं, तेवढी सूट. पण घ्यायची कशी? तेव्हा माइन ट्रेनला किमान उंची 38 इंच लागायची, बिग थंडर माउंटनला 40 आणि स्पेस माउंटनला 44. जावयानं त्याच वेळी पाच वर्षांच्या नातीला दाराच्या चौकटीला उभं करून टेपनं मोजलं. माइन ट्रेनपुरती ती भरली, बिग थंडरला थोडी कमी पडली, आणि तिचं तोंड एवढंसं झालं. दोन महिने आधीच रुसवा! आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना हे सगळं फार आवडलं. त्यांनी वहीत तारीखवार तक्ताच केला.

पट्टे लेकीच्या घरी डब्यातून आले. प्रत्येकाचं नाव आतल्या बाजूला छापलेलं, रंग आपण सांगितलेला. मॅजिकबँड म्हणतात त्याला, 2013 पासून ते वापरात आलेले. रबराचा, घड्याळाच्या पट्ट्यासारखा, पण त्यात वेळ दिसत नाही की काही नाही. हॉटेलच्या खोलीची किल्ली तोच, पार्कचं तिकीट तोच, राइडचा पास तोच, आणि पिन टाकली की दुकानात पैसेही त्यावरच जातात. पर्स न सांभाळता दिवसभर हिंडायचं हे सुख मी पहिल्यांदा अनुभवलं. आयुष्यभर प्रवासात एक हात पर्सवर ठेवून चाललेल्या बाईला हे केवढं मोठं वाटतं ते मलाच ठाऊक.

पार्कच्या दारात मिकीच्या तोंडाचं चित्र असलेलं गोल यंत्र होतं. त्याला पट्टा टेकवायचा, शेजारी बोट ठेवायचं, कडा हिरव्या झाल्या की आत. तेव्हा तीन वर्षांवरच्या सगळ्यांचं बोट घ्यायचे. बोटाच्या ठशाचा आकडा करून ठेवतो आणि चित्र टाकून देतो, असं कंपनी सांगते. ह्यांनी मुकाट्यानं बोट ठेवलं. मी नातीचं इवलंसं बोट त्या काचेवर धरलं तेव्हा मात्र मनात आलं, हिला विचारलंय कुणी?

माइन ट्रेनच्या बाहेरच्या पाटीवर साध्या रांगेला नव्वद मिनिटं लिहिली होती. उन्हाचा कहर, आणि माझे गुडघे म्हणजे अर्धा तास उभं राहिलं की संपले. आम्ही दुसऱ्या वाटेनं गेलो, पट्टा टेकवला आणि थोड्याच वेळात गाडीत बसलो. मला तिथं तिरुपती आठवलं. पूर्वी तिथं सुदर्शनचा पट्टा मनगटाला बांधायचे, त्यावर दर्शनाची वेळ असायची. वेळ होईपर्यंत खोलीवर जाऊन पडावं, जेवावं, मग रांगेला लागावं. सासूबाईंना त्या पट्ट्यामुळेच दर्शन झालं. म्हातारं माणूस, लेकुरवाळी, पायानं अधू, यांच्यासाठी ही युक्ती म्हणजे खरोखर उपकार आहेत. पट्ट्याच्या विरुद्ध बोलणाऱ्यांनी एकदा गुडघेदुखीच्या माणसाबरोबर रांगेत उभं राहून बघावं.

पण तिरुपतीचा पट्टा फक्त तुमची वेळ सांगायचा. हा पट्टा तुमच्याबद्दलही सांगतो. संध्याकाळी हॉटेलवर लेकीनं ॲप उघडलं तर माइन ट्रेनमधला आमचा फोटो आणि व्हिडिओ त्यात आलेला. नात किंचाळतेय, माझे डोळे गच्च मिटलेले. मी म्हटलं, "आपण तर फोटोसाठी कुणाला नाव सांगितलं नाही, पट्टा टेकवला नाही, मग हा फोटो आपलाच म्हणून यांना कसं कळलं?" जावयानं समजावलं. पट्ट्यात दोन गोष्टी असतात. एक यंत्राला टेकवल्यावर वाचली जाणारी, आणि दुसरी छोट्या बॅटरीवर चालणारी, जी लांबूनही वाचता येते. गाडी कॅमेऱ्यासमोरून जाताना कोण बसलंय ते त्यातून कळतं. नंतर इट्स अ स्मॉल वर्ल्ड या राइडमधून आमची होडी बाहेर पडत होती, तिथल्या पडद्यांवर प्रवाशांची नावं उमटत होती, निरोप घेतल्यासारखी. त्यात माझंही नाव आलं. नातवंडांनी टाळ्या पिटल्या. मलाही क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच अंगावर काटा आला. इतक्या लांब देशात, जिथं मला कुणी ओळखत नाही, तिथं एक भिंत मला ओळखत होती. फोटो तर मला हवाच होता, आजही तो दिवाणखान्यात आहे. हवं असलेलं आणि नको असलेलं एकाच पट्ट्यातून आलं, त्यातलं एक सोडून दुसरं घ्यायची सोय नव्हती.

दुसरी टोचणी त्या तक्त्याची. एका चौकात वाद्यवृंद वाजवत होता, नात त्यांच्यासमोर फेर धरून नाचायला लागली. तिला तिथून हलायचंच नव्हतं. पण आमचा तास संपत आला होता. ह्यांनी घड्याळ दाखवलं, लेकीनं तिला कडेवर घेतलं, आणि पुढच्या राइडपर्यंत ती रडत होती. ती राइड छान होती, नाही म्हणत नाही. पण ती निवड आम्ही दोन महिन्यांपूर्वी चहा पिताना केली होती आणि तो नाच त्या दिवशीचा होता.

तीन पास संपले की ॲपवर चौथा मिळायचा, पण चांगल्या राइडचा दुपारी कुठला उरायला? म्हणून एकदा आम्ही साध्या रांगेत उभे राहिलो. मी कठड्याला टेकले होते. ह्यांनी मला मराठीत काहीतरी विचारलं, आणि पुढच्या बाई एकदम मागे वळल्या. "यावूर्री निमदु?" म्हणजे तुमचं गाव कुठलं. मी म्हटलं, "बेळगाव!" त्या हुबळीच्या, मुलाकडे आलेल्या. मग काय, अर्धं कन्नड, अर्धं मराठी, सुना, जावई, तिकडची थंडी, विमानतळावर काढून घेतलेलं लोणचं, सगळं झालं. त्यांच्या नातवानं आणि आमच्या नातवानं कठड्याखाली स्वतःचा खेळ काढला. गुडघे दुखत होते हे खरं, पण त्या प्रवासातली माझी सगळ्यात आवडती वेळ तीच. पासच्या वाटेनं गेले असते तर त्या बाईंची पाठसुद्धा दिसली नसती.

आता ते सगळंच बदललंय. पट्टे हॉटेलच्या पाहुण्यांना फुकट देणं 2021 च्या सुरुवातीला थांबलं. कोविडनंतर फास्टपास प्लस परत आलाच नाही. 2021 च्याच ऑक्टोबरमध्ये त्याच्या जागी पैसे भरून घ्यायचं जिनी प्लस आलं, सुरुवातीला माणशी दिवसाला 15 डॉलर. 2024 पासून त्याला लायटनिंग लेन मल्टी पास म्हणतात, हॉटेलवाल्यांना सात दिवस आधी आणि बाकीच्यांना तीन दिवस आधी बुकिंग मिळतं, आणि किंमत दिवसागणिक बदलते. आपल्याकडे बेंगळुरूच्या वंडरलात फास्टट्रॅक आणि खोपोलीच्या इमॅजिकात एक्स्प्रेस, तेही जादा पैशांचंच. हे मला मनापासून खटकतं. पूर्वी ज्याला उभं राहवत नाही त्यालाही फुकट वेळ धरता येत होती. आता ज्याच्याकडे पैसे आहेत तो पुढे जातो, त्याचे गुडघे कितीही धडधाकट असोत. आणि उन्हात उभी असलेली पोरं त्याला पुढे जाताना बघतात.

नातवंडं पुन्हा जायचं म्हणतायत. मी लेकीला सांगून ठेवलंय, एक दिवस पैसे भरून पास घे, माझ्यासाठी घे, आणि एक दिवस काहीही धरून ठेवू नकोस. मुलांना पट्टे हवे असतील तर घेऊ दे. मी साधं कार्ड घेणार, त्यात बॅटरी नसते, टेकवलं तरच वाचलं जातं. ह्यांना बिनबुकिंगचा दिवस अजिबात पटलेला नाही. "एवढ्या लांब जाऊन रांगेत उभं राहायचं?" म्हणतात. आमची बोलणी अजून चालू आहेत.