अलेक्झांड्रियात मासे खाताना : बर्फापासून बिलापर्यंत माझा अनुभव

अलेक्झांड्रियातल्या माशांच्या चांगल्या खाणावळीत मेन्यूकार्ड दुय्यम असतं. दाराशीच बर्फाचा उतरता ओटा असतो, त्यावर त्या दिवशीचा माल मांडलेला असतो आणि जेवण कसं होणार ते तिथेच ठरतं. मासा निवडायचा, डोळ्यांसमोर वजन करून घ्यायचं, कसा करायचा ते सांगायचं आणि मग जाऊन बसायचं. हा क्रम मी मोडत नाही. थेट टेबलावर बसून ‘मिक्स सी-फूड’ मागवलं की काय येणार, किती येणार आणि बिल किती होणार, हे सगळं दुसऱ्याच्या हातात जातं.

कैतबे किल्ल्याजवळचा बहरी-अनफुशी भाग आणि शहराच्या पूर्वेचं अबू कीर, या दोन जागा माशांसाठी नावाजलेल्या आहेत. स्थानिक लोक उशिरा जेवतात, त्यामुळे दुपारी एकच्या सुमाराला ओटा भरलेला आणि गर्दी कमी असते.

भाव वाचताना मराठी माणसाने विशेष जपावं. पाट्यांवर अरबी आकडे असतात आणि त्यातले काही आपल्या आकड्यांसारखे दिसतात. त्यांचा पाच म्हणजे गोल, आपल्या शून्यासारखा. त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. चार आपल्या ६ सारखा आणि नऊ आपल्या १ सारखा. ४५० लिहिलेली पाटी घाईत ६० वाटते. म्हणून मी ‘बिकाम अल-कीलो?’ असं विचारते आणि उत्तर फोनच्या कॅल्क्युलेटरवर टाइप करून दाखवायला सांगते. साफसफाई आणि भाजणं त्या भावात धरलंय की वेगळं, हेही तेव्हाच विचारून घेते.

ओट्यावरची बरीच मंडळी आपल्या ओळखीची निघतात. ‘बूरी’ म्हणजे आपली बोय. ‘मूसा’ लेपीच्या जातीतला, ‘वक्कार’ हेकरूच्या कुळातला. ‘गम्बरी’ कोळंबी, ‘सुबेत’ माकुल, ‘कबोरिया’ खेकडा, ‘गन्दोफ्ली’ तिसऱ्यांसारख्या शिंपल्या. ‘मकरोना’ नावाने विकला जाणारा लांबट मासा आपल्या चोर बोंबलाचा भाऊ आहे. १८६९ साली सुएझ कालवा उघडल्यावर तांबड्या समुद्रातून भूमध्य समुद्रात शिरलेल्या जातींपैकी तो एक. स्वस्त आणि तळून उत्तम. लहान, लालसर ‘बरबूनी’ही तळूनच खावा.

‘दनीस’ आणि ‘कारूस’ हे पांढऱ्या मांसाचे लोकप्रिय मासे समुद्रातलेही मिळतात आणि शेततळ्यातलेही. बूरीचंही तसंच. ‘बह्र वल्ला मझारे?’ असा प्रश्न तिथे सगळेच विचारतात, आपणही विचारावा. सगळे नग एकाच मापाचे, साच्यातून काढल्यासारखे दिसले तर ते बहुधा तळ्यातले. त्यात वाईट काही नाही, पण भाव समुद्रातल्या माशाचा देऊ नये. ‘बुल्ती’ गोड्या पाण्यातला आणि बहुतेक तळ्यातलाच. समुद्रकाठी जाऊन तो खाण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात ‘नव्वा’ म्हणजे वादळी दिवस येतात, तेव्हा होड्या बाहेर पडत नाहीत. अशा दिवसांत समुद्रातला ताजा माल कमी येतो, म्हणून मी सरळ तळ्यातला दनीस घेते.

ताजेपणाची परीक्षा आपल्याकडच्यासारखीच. डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले उचलून पाहिले तर लाल, बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून यायला हवा. कोळंबीचं डोकं काळं पडलं असेल किंवा अंगापासून लोंबत असेल तर सोडून द्यावी. शिंपली उघडी असेल आणि टिचकी मारूनही मिटत नसेल, तर ती मेलेली असते.

आता मुख्य गोष्ट, करायचं कसं. ‘मशवी रद्दा’मध्ये अख्ख्या माशाला गव्हाचा ओला कोंडा थापून तो कडक आचेवर भाजतात. कोंडा आणि कातडी काळी होते, पण आतलं मांस स्वतःच्याच वाफेवर शिजतं. उतरवल्यावर तो लसूण, जिरं, लिंबू घातलेल्या खारट पाण्यात बुडवतात. काळी कातडी सोलून टाकायची, ती खायची नसते. बूरीसारख्या तेलकट माशाला हा प्रकार सर्वांत शोभतो. बारीक मासा यात कोरडा पडतो. ‘सिंगारी’साठी मासा पाठीकडून चिरून पुस्तकासारखा उघडतात आणि वर कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची, लसूण, जिरं, धणे पसरून भट्टीत भाजतात. त्यासाठी पाऊण ते एक किलोचा मासा हवा. लहान मासा वरच्या भाज्या शिजेपर्यंत रटरटून जातो. नाजूक मासा असला तर ‘झेत व लमून’, म्हणजे तेल-लिंबू, पुरे. तिखट फारसं नसतं. हवं असेल तर ‘शत्ता’ मागावा.

सोबत ‘सय्यादिया’ भात घ्याच. भरपूर कांदा तेलात गडद तपकिरी होईपर्यंत परततात आणि त्याच्याच पाण्यात तांदूळ शिजवतात, त्यातून रंग येतो. कांदा करपला की भात कडवट लागतो. चांगल्या ठिकाणी तो गोडसर असतो. ताहिना म्हणजे तिळाची पातळ चटणी, लोणचं आणि ‘ऐश बलदी’ ही कोंड्याची रोटी ताटाबरोबर येतेच.

प्रमाण असं: अख्ख्या माशाचं खाण्याजोगं मांस साधारण निम्मं निघतं, कोळंबीचंही तसंच. दोघांसाठी ८०० ग्रॅमचा एक मासा, पाव किलो कोळंबी आणि एक भात भरपूर होतो. वजन साफ करण्याआधी होतं, हे धरून चालावं. तराजूवरचा आकडा आणि भाव मी फोनमध्ये टिपून ठेवते आणि बिलाशी ताडून पाहते. मोठ्या खाणावळीत त्यावर १२ टक्के सर्व्हिस आणि १४ टक्के व्हॅट लागू शकतो, ते वेगळं विचारावं.

तीन गोष्टी मी खात नाही. ‘उम्म अल-खुलूल’ या चिमुकल्या शिंपल्या लिंबू पिळून कच्च्या खातात; किनाऱ्यालगतच्या पाण्याची खात्री नसताना ते धाडस नको. डोकं आणि कातडी काढलेला, नाव न सांगता स्वस्तात विकला जाणारा मासाही नको. विषारी फुगा मासा तसा खपवला जाऊ शकतो. त्याच्या विक्रीला बंदी आहे आणि त्याचं विष शिजवून जात नाही. तिसरी गोष्ट ‘फसीख’, शम्म अन-नसीमच्या सणाला खाल्ली जाणारी खारवून मुरवलेली बूरी. ती नीट खारवली नाही तर बोट्युलिझम, म्हणजे जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. एप्रिल १९९१ मध्ये कैरोत फसीखमुळे ९१ जण रुग्णालयात गेले आणि त्यातले १८ दगावले. खारट चव घ्यायचीच असेल तर ‘बतारेख’ घ्या, म्हणजे बूरीची खारवून वाळवलेली गाबोळी. महाग असते, पण पातळ चकत्या कापून लिंबू आणि तेलाबरोबर थोडीच खायची असल्याने शंभर ग्रॅम दोघांना पुरतात.