तुम्ही विचारलंत म्हणून: घर सांभाळून मालिश शिकले कशी, आणि शिकले कशाला

परवा भाजीबाजारात आमच्या गल्लीतल्या एका ताईंनी पुन्हा तेच विचारलं, हातात भरताची वांगी तशीच धरून, की दोन पोरं, सासू-सासरे, नवऱ्याची रात्रपाळी एवढं सगळं असताना तू ते मसाजचं लायसन्स काढलंस कसं, आणि मुळात कशाला काढलंस, मालिश तर आपल्याकडे कोणतीही म्हातारी बाई करते. आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतो आणि बाजारात उभ्या उभ्या त्याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून आज लिहूनच टाकते.

आधी लायसन्सचं. आपल्याकडे मसाज थेरपिस्टचं असं वेगळं सरकारी लायसन्स नसतं. फिजिओथेरपीचं वेगळं आहे, ती इंटर्नशिप धरून बऱ्याच वर्षांची डिग्री आहे आणि त्याला कौन्सिलची नोंदणी लागते, मी फिजिओथेरपिस्ट नाही आणि कोणी तसं म्हटलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करते. माझ्याकडे आहे ते स्पा थेरपिस्टच्या कोर्सचं सर्टिफिकेट, बाहेरून परीक्षक येतात, लेखी घेतात, प्रत्यक्ष करून दाखवायला लावतात, मग मिळतं. लायसन्स हा शब्द आमच्या घरात चुलत नणंदेमुळे आला, ती टेक्सासला असते, तिकडे राज्याचं लायसन्स असल्याशिवाय मालिशचे पैसे घेता येत नाहीत, टेक्सासमध्ये 500 तासांचं शिक्षण, न्यूयॉर्कला तर 1000 तास, आणि बऱ्याच राज्यांत एमब्लेक्स म्हणून 100 प्रश्नांची परीक्षा. तिने फोनवर विचारलं, वहिनी तू लायसन्स्ड आहेस का, आणि ते माझ्या मनात रुतून बसलं. तेव्हा मी तीन वर्षं लोकांच्या घरी जाऊन बाळंतिणींची मालिश करत होते आणि शरीरात आत कुठे काय असतं हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

मला हे आजीकडून आलं. माझी आजी धरणगावकडची, बाळंतीण आणि बाळ दोघांना न्हाऊ घालायची, बाजेखाली शेक ठेवायची, उसण भरली लचक भरली की लोक तिलाच बोलवायचे. तिचा हात फार चांगला होता, हे मी नात म्हणून सांगत नाही, गाव सांगायचं. "पहिले हात गरम कर, मंग आंगले लाव," एवढंच तिने मला शिकवलं, बाकी मी बघून बघून उचललं. जेवण झाल्या झाल्या ती कोणाला हात लावायची नाही. पुढे कोर्समध्ये मॅडमनी सांगितलं की अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करावं, डोकं, कान आणि पाय यांना विशेष करावं असं आहे आणि लगेच पुढे अजीर्ण असलेल्याने करू नये असंही आहे, तेव्हा आजीची फार आठवण आली, तिने ते पुस्तक कधी पाहिलंही नव्हतं.

आता घर सांभाळून कसं केलं ते. खरं सांगायचं तर सगळं मी नाही सांभाळलं. कोर्स जळगावला, सहा महिन्यांचा, सोमवार ते शुक्रवार. फी भिशीतून भरली. पहाटे साडेचारला उठायचं, कळण्याच्या भाकरी थापायच्या, भाजी करायची, डबे भरायचे, मग गाडी. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "जाय व माय, पोरेसले मी दखसू," आणि सहा महिने त्यांनी खरंच बघितलं, त्यांचे गुडघे दुखत असताना बघितलं. नवरा रात्रपाळी करून यायचा आणि झोपायच्या आधी धाकट्याला शाळेत सोडायचा. मला कोणी एकटीने सगळं केलं असं म्हटलं की मी या दोघांची नावं आधी घेते.

अभ्यास गाडीत व्हायचा. अमळनेरला बसले की धरणगावपर्यंत खांदा आणि मान यांचे स्नायू, ट्रॅपीझियस, रॉम्बॉइड, धरणगाव ते पाळधी पाठ आणि कंबर, आणि गिरणेचा पूल आला की पाय, गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याच्याखाली सोलियस, म्हणजे आपली पोटरी. माझं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून, ही नावं तोंडात बसेनात, तर शेजारच्या सीटवर रोज अपडाऊन करणाऱ्या एक शिक्षिका बसायच्या त्या वही हातात घेऊन माझं पाठांतर घ्यायच्या. रात्री पोरं झोपली की सासूबाईंच्या पाठीवर सराव. त्या सांगायच्या इथे जास्त लागतंय, इथे बरं वाटतंय, मला त्यांच्यासारखी शिक्षिका दुसरी मिळाली नसती.

कानबाईचं, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाचं, मात्र मनाला लागलं. रविवारी कानबाई बसली, रोट झाले, सगळं घर भरलेलं, आणि सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीच्या वेळेला माझी प्रॅक्टिकल. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी कानबाईला निरोप द्यायला नव्हते. त्या दिवशी गाडीत रडले, अजूनही त्याचं वाईट वाटतं.

शिकण्यात सगळ्यात जड गेलं ते अंगठे सोडणं. मी सगळा जोर अंगठ्याने लावायची, आजीही तशीच लावायची आणि शेवटी शेवटी तिला चहाचा कप धरवत नव्हता. मॅडम म्हणाल्या, भाकरी थापताना अंगठा वापरतेस का, तळहात वापरतेस ना, मग इथेही तळहात, मनगटाजवळचा भाग, कोपराजवळचा हात, आणि जोर खांद्यातून नाही तर एक पाय पुढे टाकून सगळ्या अंगाचं वजन हळूहळू सोडायचं. महिनाभर जमलं नाही आणि एक दिवस जमलं, त्या दिवशी तीन जणींची मालिश करूनही हात दुखला नाही. बाकी चादर कशी टाकायची, ज्या भागाचं काम चालू आहे तेवढाच उघडा ठेवायचा, आधी विचारायचं मग हात लावायचा, नखं कापलेली, तेल आधी कोपराच्या आत थोडं लावून बघायचं, हे पटकन जमलं. मसाज शब्द ऐकून लोक काय काय बोलतात ते मला माहीत आहे, नातेवाईकांतही झालं बोलून, मी फक्त बायका आणि बाळांचं काम करते, घरात दुसरं कोणी बाईमाणूस असेल तरच जाते आणि हे फोनवरच सांगते.

पण कशाला शिकलीस याचं खरं उत्तर एका पायात आहे.

कोर्स संपून चार-पाच महिने झाले असतील, यावल तालुक्यातल्या एका घरून फोन आला, केळीवाले लोक, लेक बाळंत होऊन अठरा दिवस झालेले, डावा पाय दुखतोय, वांब आलाय म्हणाले, जरा चांगला रगडून द्या. मी गेले. पाय बघितला तर डावी पोटरी उजवीपेक्षा सुजलेली, हात लावला तर गरम, आणि सूज एकाच पायाला. दोन्ही पाय सुजलेले असते तर मी वेगळा विचार केला असता. बाळंतपणानंतर पहिले सहा आठवडे रक्त गोठायचा धोका जास्त असतो, पोटरीच्या आतल्या शिरेत गुठळी झाली तर असंच दिसतं, आणि तिच्यावर रगडलं तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, जीव जाऊ शकतो. हे मी पाळधीच्या आसपास कधीतरी पाठ केलं होतं. मी तेलाची बाटली पिशवीतून काढलीच नाही. म्हटलं मी हात लावणार नाही, तुम्हीही कोणी चोळू नका, आत्ताच्या आत्ता गाडी काढा आणि डॉक्टरकडे न्या, पायाचा डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करायला लागेल.

तिची आई चिडली, एवढ्या लांबून बोलावलं आणि ही हात लावत नाही, दुसरी बाई बघतो म्हणाली. मी दारातच बसून राहिले, तिच्या भावाला बाजूला घेऊन पुन्हा सगळं सांगितलं, तो उठला आणि घेऊन गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला, गुठळीच निघाली, रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू केली. ती पोरगी बरी झाली, बाळ आता चालतंय.

त्या रात्री मला झोप लागली नाही कारण मी मागची तीन वर्षं आठवत होते, किती पोटऱ्या मी काही न बघता चोळल्या असतील. गुडघ्यामागच्या खळगीत जोर द्यायचा नाही, गळ्याच्या पुढच्या बाजूला दाबायचं नाही, ताप असेल तर नाही, फुगलेल्या निळ्या शिरांवर नाही, सिझेरियनच्या पोटावर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही, बाळाच्या नाकाकानात तेल सोडायचं नाही, हे सगळं कोर्समध्ये शिकले. चोळायचं कसं ते आजीने शिकवलं होतं, थांबायचं कुठे ते सहा महिन्यांत कळलं.

तर ताई, तुमची लेक आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, बाळंतपणाला येणारे म्हणालात, मला जरूर बोलवा. पण पहिल्या दिवशी मी तेल आणणार नाही. तिची दवाखान्याची फाईल काढून ठेवा, बीपी, शुगर, डिलिव्हरी कशी झाली, टाके कुठे आहेत ते मी वाचेन, डॉक्टरांना एक फोन करू, दोन्ही पाय बघेन, मग दुसऱ्या दिवशी सकाळी येते, पंखा बंद ठेवा आणि पाणी तेवढं गरम करून ठेवा.