उलटण्याची घाई

उलथनं खाली सरकवलं आणि पार्सनिपच्या किसाचा पॅनकेक मधोमध फाटला. वरून काळपट, आत कच्चा.

दोष अंड्याचा नव्हे, आचेचा. पार्सनिप दिसतं पांढऱ्या गाजरासारखं, पण त्यात साखर बरीच. मोठ्या आचेवर ती आधी करपते आणि कीस तसाच राहतो. मध्यम आच, एका बाजूला ४ मिनिटं. कडा तांबूस होईपर्यंत हात लावायचा नाही!

३०० ग्रॅम कीस, १ अंडं, ३ मोठे चमचे मैदा. मीठ अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटून मिश्रण सैल पडतं. जून पार्सनिपचा गाभा लाकडासारखा असतो, तो काढूनच किसायचं.

आणि जाडी? जेमतेम १ सेंटिमीटर. त्याहून जाड थापायचा मोह का होतो, कोण जाणे.