सुई टेकली का?

पहिल्या दिवशी मी वीज मोजायच्या यंत्राच्या दोन सुया वाकवल्या. एक सकाळी, एक जेवणाच्या सुटीनंतर. दुसरी वाकली तेव्हा ती वेफरला, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीला, लागलीय हेच मला कळलं नव्हतं. मी आपली खाली आणतेय, आणतेय, आणि मायक्रोस्कोपमध्ये बघते तर टोक मांजराच्या नखासारखं वर वळलेलं. सर म्हणाले, "अगं, सुई कधी टेकली ते तुला दिसत नाहीये. दाबायचं नंतर बघू." मला वाटलं, टेकणं आणि दाबणं यात असा काय फरक आहे? तो कळायला मला सव्वा महिना लागला.

मी मूळची परभणीची, शिकायला छत्रपती संभाजीनगरात. विषय होता मॉस कपॅसिटर: सिलिकॉनवर ऑक्साइडचा पातळ थर, त्यावर ॲल्युमिनियमचे चौकोन. वेफर आमच्याकडे होण्यासारखा नव्हताच. आयआयटी मुंबईत बाहेरच्या कॉलेजांतल्या संशोधकांना आपले नमुने तिथल्या क्लीनरूममध्ये करू देणारा कार्यक्रम आहे, त्यातून तो झाला. २ इंची, पी-टाइप (धन भार वाहणारा सिलिकॉन), १०० नॅनोमीटर ऑक्साइड, २०० मायक्रॉनचे चौकोन. परत येताना तपोवन एक्स्प्रेसमध्ये डबी मांडीवर धरून बसले होते. समोरच्या बाईंनी विचारलं, काय आहे त्यात. मी वेफर म्हटल्यावर त्यांचा नातू लासूर येईपर्यंत माझ्या डबीकडे बघत होता.

मोजायचं यंत्र, म्हणजे प्रोब स्टेशन, मात्र आमच्याकडे होतं. कुठल्याशा कंपनीने काढून टाकलेलं, सोबत माहितीपुस्तक नाही. मध्ये गोल चक, त्यावर वेफर व्हॅक्यूमने चिकटून बसतो. भोवती लोखंडी पत्रा, त्यावर लोहचुंबकाच्या बैठकीचे चार पोझिशनर. प्रत्येकाला तीन स्क्रू: डावं-उजवं, पुढं-मागं, वर-खाली. पुढे निघालेल्या दांडीच्या टोकाला टंगस्टनची सुई. आमचे लॅबमधले मामा या पोझिशनरना खेकडे म्हणायचे, आणि एकदा ऐकल्यावर मलाही ते दुसरं काही दिसेनात.

मोठ्या कारखान्यांत हे काम असं होत नाही. तिथे प्रोब कार्ड असतं. एका पाटीवर शेकडो, कधी हजारो सुया आधीच बसवलेल्या, सगळ्यांची टोकं एका पातळीत, आणि यंत्र वेफर खालून उचलून त्यांना टेकवत पुढे सरकतं. चिप कापून पॅकेजमध्ये घालण्याआधी खराब कुठली ते कळावं, म्हणजे पॅकेजचा खर्च वाया जात नाही. आमच्याकडे एक सुई, एक हात आणि एक डोळा. पण सुई धातूला भेटते तेव्हा जे घडतं ते दोन्हीकडे सारखंच.

सुईच्या आधी टेबल. आमची लॅब रस्त्याच्या अंगाला. ट्रक गेला की मायक्रोस्कोपमधलं चित्र थरथरायचं. २०० मायक्रॉनचा चौकोन म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीएवढी जागा, आणि ती नाचतेय. कंपन शोषणारं टेबल घ्यायचं तर अख्ख्या विभागाचं बजेट गेलं असतं. सरांनी सायकलच्या दोन ट्यूब मागवल्या, त्या टेबलावर आडव्या ठेवल्या, वर शहाबादी फरशी आणि फरशीवर स्टेशन. हवा अर्धीच भरायची. गच्च भरली की ट्रक पुन्हा वर येतो. व्हॅक्यूमचा पंपही लांब नळी लावून व्हरांड्यात नेऊन ठेवला, कारण तो स्वतःच एक छोटा ट्रक होता.

आता सुई. माझी चूक अशी होती की मी उंची बघायचा प्रयत्न करत होते. वरून बघणाऱ्या मायक्रोस्कोपला खोली नीट कळत नाही. सुई वेफरच्या किंचित वर असो की टेकलेली असो, वरून जवळपास सारखीच दिसते. सरांनी सांगितलं, सुईकडे बघू नकोस, तिच्या प्रतिबिंबाकडे बघ. पॉलिश केलेला सिलिकॉन आरशासारखा असतो. प्रकाश जरा तिरका केला की सुई वरून येताना दिसते आणि खालून तिचीच दुसरी सुई वर येते. मी जायकवाडीला नाथसागराच्या काठावर बगळे बघितलेत. चोच पाण्याशी नेतात तेव्हा पाण्यातला बगळाही चोच वर आणतो. दोन टोकं भेटली की सुई टेकली.

पण तिथेही थांबायचं नाही. टेकल्यावर स्क्रू अगदी थोडा आणखी फिरवला की सुई खाली जाऊ शकत नाही, म्हणून तिरकी असलेली ती पुढे घसरते. मायक्रोस्कोपमध्ये हे इतकं स्पष्ट दिसतं की पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ओरडलेच. टोक चौकोनावर किंचित पुढे सरकतं आणि मागे बारीक ओरखडा सोडतं. तो ओरखडा हवाच असतो. ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनने आपोआप ऑक्साइडचा थर बसतो, जेमतेम काही नॅनोमीटर, पण वीज अडवायला पुरेसा. सुई घसरते तेव्हा तो थर खरवडला जातो आणि खालचा धातू लागतो. म्हणून सुई चौकोनाच्या मधोमध उतरवायची नाही, आपल्या बाजूच्या कडेजवळ उतरवायची, म्हणजे घसरून ती मध्यावर येते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चौकोनाबाहेर गेलेले पाच-सहा ओरखडे बघून माझं मीच शिकले.

तरी दिसणं वेगळं आणि लागणं वेगळं. याची खात्री करायची एक साधी रीत आहे, आणि ती मी आधीच केली असती तर दोन आठवडे वाचले असते. एकाच चौकोनावर दोन सुया टेकवायच्या आणि मल्टिमीटरने त्यांच्यातला रोध बघायचा. दोन्ही एकाच धातूवर, म्हणजे मधे काही ओहमच हवेत. मला पहिल्यांदा आकडा मिळाला ४० किलोओहम, तोही जागेवर न थांबणारा. दोन्ही सुया टेकलेल्या दिसत होत्या, दोघींची प्रतिबिंबं मिळालेली. स्क्रू केसभर फिरवला, सुया घसरल्या, आकडा धाडकन तीन ओहमवर आला आणि तिथेच बसला.

मग मला जोर आला. तीन ओहम छान, मग आणखी दाबलं तर आणखी छान, अशा हिशोबाने मी सलग सहा चौकोन दाबले. रोध काही फारसा उतरला नाही. सातव्याला कपॅसिटन्स, म्हणजे भार साठवायची क्षमता, मोजायला घेतला तर शॉर्ट, वीज सरळ आरपार. मागे जाऊन बघितलं तर त्या सहांतलेही चार शॉर्ट. ॲल्युमिनियमच्या खाली १०० नॅनोमीटरचा ऑक्साइडच तर आहे. सुई धातू फोडून त्यात घुसली की कपॅसिटर संपला. शिवाय त्या दिवशी मी नवीन सुई लावली होती, आणि नवीन सुई जास्त टोकदार. टोक जितकं बारीक तितका तेवढ्याच दाबात घाव खोल. तेव्हापासून नवीन सुई मी आधी वेफरच्या कडेच्या, कामात न येणाऱ्या चौकोनांवर दहा-बारा वेळा टेकवून मगच आत आणते. आई नवी विळी आधी भोपळ्यावर चालवायची, तसं.

मामा एकदा डोकावून म्हणाले, "ताई, कामून एवढे डोळे फोडायलात? हे टेकायचंच काम ना?" मी म्हटलं, हो मामा, टेकायचंच. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पायातला काटा काढताना असंच असतंय. घुसवायची नसती, उचलायची असती."

शेवटी आकडे मिळायला लागले. २०० मायक्रॉनचा चौकोन आणि १०० नॅनोमीटरचा ऑक्साइड धरला तर कपॅसिटन्स साधारण १४ पिकोफॅरड यायला हवा. एवढ्याशा आकड्यात केबल आणि सुईचा स्वतःचा कपॅसिटन्स सहज मिसळतो. म्हणून मोजण्याआधी सुई त्याच चौकोनावर, पण केसभर वर उचलून, मीटरचं शून्य घ्यायचं. लांब नेऊन घेतलं तर ते शून्य त्या जागेचं नसतं. हे जमल्यावर १३.६, १४.१, १३.८ असे आकडे आले आणि मी दुपारचं जेवण विसरले.

पण आलेख बिघडलेलाच. व्होल्टेज ऋणाकडून धनाकडे नेलं की पी-टाइपमध्ये कपॅसिटन्स उतरून तळाशी बसायला हवा. माझा अर्ध्यातच थबकायचा. मी ऑक्साइड खराब आहे असं गृहीत धरलं. आयआयटीत भट्टीत काहीतरी गडबड झाली असणार, अशी पानभर टिपण्णीही लिहिली. सर आले, आलेख बघितला, टिपण्णी वाचली आणि विचारलं, "दिवा बंद केला होतास का?"

मायक्रोस्कोपचा दिवा. सुई बघायला लावलेला आणि मोजताना तसाच राहिलेला. सिलिकॉन म्हणजे सोलर पॅनेलमधलाच पदार्थ. प्रकाश पडला की त्यात इलेक्ट्रॉन सुटतात, आणि ज्या इलेक्ट्रॉनांची वाट बघत आलेख खाली बसायला हवा, ते आधीच हजर. दिवा बंद केला, वरून काळं कापड टाकलं, पुन्हा मोजलं. रेषा सरळ खाली जाऊन बसली. टिपण्णीचं पान मी फाडून टाकलं, पण वहीच्या शिवणीत त्याचा तुकडा अजून आहे.

बाकी गोष्टी आपल्याकडच्या. मे महिन्यात मीटरचा आकडा उगाच थरथरायला लागला, तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला. मामांनी दोन बादल्या पाणी ओतलं तेव्हा शांत झाला. हिवाळ्यात स्वेटर घालून आत यायचं नाही, मनगटाला अर्थचा पट्टा लावल्याशिवाय वेफरला हात नाही. कोरड्या हवेत स्थिर विजेची एक ठिणगी ऑक्साइडला पुरते. आणि लाइट. एकदा सुया टेकलेल्या असताना लाइट गेली. पंप बंद, चकची पकड गेली, आणि मी दचकून हात नेमका स्टेजच्या नॉबवर टेकवला. सुया आडव्या ओढल्या गेल्या आणि तीन चौकोनांवर लांबच लांब रेघा. त्यानंतर भारनियमनाची वेळ मी दारावरच लिहून ठेवली, आणि त्याआधी दहा मिनिटं सगळे खेकडे वर.

शेवटी वेफरवरच्या ६४ चौकोनांचा तक्ता केला. ४७ चांगले, ४ आधीपासूनच शॉर्ट. उरलेले १३ मी "खराब" या एकाच रकान्यात टाकले होते. सरांनी तक्ता परत पाठवला. म्हणाले, वेफर करणाऱ्यांनी हा वाचला तर त्यांना वाटेल, त्यांच्या प्रक्रियेत सतरा गेले. मी नवीन रकाना आखला आणि वर लिहिलं, "सुईमुळे". त्यात १३.